तायडेकाकांचे दहा तुकडे

परवा अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या स्टुडिओत एक मुलगी स्वतः केलेला कप घेऊन आली. ग्लेझ खरखरीत आलंय, काय चुकलं ते सांगा म्हणाली. मी कप हातात घेतला, डोळे मिटले आणि काही कळायच्या आत त्याची कड खालच्या ओठावरून फिरवली. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की, आपल्याला या बाईकडे पाठवलं तरी कुणी. मला हसू आलं. नऊ वर्षांपूर्वी मीही एका माणसाकडे अगदी अशीच बघत होते.

त्या माणसाचं नाव प्रल्हाद तायडे. मूळचे हिवरखेडचे, राहायला अकोल्यात. विजेच्या खांबांवर चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या असतात ना, तसल्या वाट्या करणाऱ्या एका कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं तपासणीला होते. भट्टीतून निघालेली प्रत्येक वाटी त्यांच्या हाताखालून जायची. वरचा काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ, कुठे खरखरीत लागला की वाटी बाजूला. पुढे कारखाना बंद पडला, पण काकांचा हात काही बंद पडला नाही. एसटीची सीट, लग्नाची पत्रिका, हॉटेलातला स्टीलचा ग्लास, जे समोर येईल त्यावरून बोटं फिरायची. बाजारात वांगी घेताना ते डोळे मिटून एकेक वांगं चाचपायचे आणि भाजीवाली ओरडायची, की बाबा, वांगं घेऊन राहिले की वांग्याची नाडी पाहून राहिले.

त्या काळात मी नुकती हात पोळलेली होते. चौदा वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्राच्या शिकवण्या दिल्या आणि एक दिवस फळा पुसून कुंभाराच्या चाकावर बसले. घरचे म्हणाले, हिला काय झालं. मी म्हटलं, ग्लेझ म्हणजे शेवटी रसायनच, त्यात मी पक्की आहे. भट्टीनं माझा तो माज दोन महिन्यांत उतरवला. माझे कप एका बाजूनं आरशासारखे गुळगुळीत यायचे आणि दुसऱ्या बाजूनं असे खरखरीत, की बोट फिरवलं तर शहारा यावा. एकच माती, एकच लेप, एकच भट्टी. मी मिश्रणाचं प्रमाण तीनदा बदललं, वह्या भरल्या, आणि कप आपले एका बाजूनं खरखरीतच.

अकोल्यात मातीचं सामान विकणाऱ्या एका दुकानदारापुढे मी ते रडगाणं गात होते. त्यानं कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. उंच, हडकुळे, पांढरा सदरा, जाड काचांचा चष्मा. काकांनी कप घेतला, चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले. आधी नखाची पाठ फिरवली, मग बोटाचं पेर, मग तळहात. मी वाट बघत होते की आता हे सिलिका नाहीतर फेल्डस्पारबद्दल काहीतरी विचारतील.

"तुमच्या घरी तुरीची डाय शिजते काय, मॅडम?" काकांनी विचारलं.

डाळ. मी एम.एस्सी. आहे हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण काका गंभीर होते. मग मी सांगितलं की घरी नळाच्या पाण्यात शिजते. स्टुडिओत बोअर आहे, तिथे डाळ शिजवायची वेळ आलेली नाही. ते हूं म्हणाले. पुढे कळलं की हा प्रश्न ते प्रत्येकालाच विचारायचे. त्यांची मावशी खारपाण पट्ट्यात दिलेली होती. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ तासभर रटरटली तरी दाणा अख्खाच. लहानपणी काका तिच्याकडे निघाले की त्यांच्या आईचा खाऊ म्हणजे हिवरखेडच्या गोड्या पाण्याचा डबा असायचा. त्यामुळे भांड्यात काहीही बिघडलं की त्यांचा पहिला संशय पाण्यावर.

पण संशय वेगळा आणि निकाल वेगळा, हे त्यांना फार होतं. त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. पुढच्या भट्टीला प्रत्येक कपाच्या बुडाला, स्टुडिओच्या दाराकडच्या बाजूला गेरूचा एक ठिपका द्यायचा आणि कप कुठेही ठेवला तरी तो ठिपका दाराकडेच ठेवायचा. पेन्सिलीची खूण नको, ती भट्टीत जळून जाते. गेरू टिकतो. मी मनात म्हटलं, आता हेच राहिलं होतं. पण हात टेकलेल्या माणसाला निवड नसते. बारा कपांना ठिपके दिले. भट्टी उघडली, तर बाराच्या बारा कपांची ठिपक्याकडची बाजू गुळगुळीत आणि समोरची खरखरीत. दारासमोर काय आहे, तर खिडकी. मी ताबडतोब शोध लावला, रस्त्यावरच्या गाड्यांची धूळ. खिडकी धुतली, फटी कागदानं बुजवल्या. पुढच्या भट्टीत तीच गत.

मग काका स्वतः आले. गुरुवार होता, आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांचा गुरुवार ठरूनच गेला. मे महिन्याचं ऊन, अमरावतीचा रस्ता नुसता पेटलेला. आल्यावर पाणी प्यायले आणि लेप दिलेले कप मी कुठे वाळवते ते विचारलं. खिडकीजवळ एक लांब फळी होती. काकांनी फळीवरचे कप उचलून खाली ठेवले, फळीपुढे स्टूल ओढलं आणि कपांच्या जागी स्वतः बसले. तोंड खिडकीकडे. मी म्हटलं, काका, आता काय करायचं. ते म्हणाले, काही नाही, तुम्ही तुमचं काम करा.

दोन तास ते तसेच बसून होते. मी चाकावर बसले होते, पण लक्ष सगळं त्यांच्या पाठीकडे. डुलकी लागली असावी असंही एकदा वाटलं. मग त्यांनी चष्मा काढला, उजेडात धरला आणि मला बोलावलं. काचांवर बारीक बारीक पांढरे ठिपके वाळले होते. त्यांनी काचेवर जिभेचं टोक लावलं आणि चष्मा माझ्यापुढे केला. मी माझ्या पदव्यांकडे दुर्लक्ष करून जीभ लावली. खारट.

खिडकीत कूलर होता. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर लावला म्हणजे काही विशेष केलं असं कुणाला वाटतच नाही. त्यात मी बोअरचं पाणी भरायची. त्याचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येऊन ओल्या लेपावर बसायचे, पाणी उडून जायचं, क्षार तिथेच राहायचे आणि भट्टीत त्या बाजूचा लेप बिघडायचा. मी धूळ शोधत होते, प्रमाणं बदलत होते आणि स्वतःला गार ठेवत होते. काका मात्र लगेच खूश झाले नाहीत. अर्धे कप कूलरसमोर आणि अर्धे आतल्या खोलीत वाळवायला लावले, ती भट्टी निघेपर्यंत त्यांनी निकाल दिला नाही. आतल्या खोलीतले कप सगळ्या बाजूंनी गुळगुळीत निघाले, तेव्हा कुठे म्हणाले, "भांडं काई बोलत नाही. म्हनून त्याच्या जागी जाऊन बसा लागते."

ते मला दोन नावांनी हाक मारत. खूश असले की बाई, रागावले की मॅडम. आधीचे काही महिने मी बहुतेक मॅडमच होते.

त्यांच्याकडे एक स्टीलची छोटी डबी असायची, टिफिनात चटणीला असते तसली. तिच्यात ग्लेझ केलेले चिनीमातीचे दहा तुकडे होते, रुपयाएवढे. प्रत्येकाच्या पाठीवर आकडा. एक नंबर सगळ्यात गुळगुळीत, दहा नंबर सगळ्यात खरखरीत, मधल्यांचा फरक इतका बारीक की चार आणि पाच मला तर सारखेच लागायचे. कारखान्यात नवीन माणसाची परीक्षा घ्यायला ते केलेले होते. काका ती परीक्षा रोज स्वतःचीच घेत. स्टुडिओत आले की हात धुवायचे, पुसायचे, तुकडे आकडा खाली करून टेबलावर पसरायचे, डोळे मिटून एका ओळीत लावायचे आणि मग मला उलटून वाचायला सांगायचे. एक, दोन, तीन करत दहापर्यंत क्रम बरोबर आला तरच त्या दिवशी ते कुणाच्या भांड्याला हात लावत. तोवर त्यांची कीर्ती पसरली होती. गुरुवारी बाहेरच्या बाकावर मोर्शीची, दर्यापूरची, कुठली कुठली मंडळी पिशव्या घेऊन बसलेली असत. एवढे लोक खोळंबले आहेत, एक दिवस नाही लावले तुकडे तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला मॅडम म्हणून गप्प केलं.

एकदा मात्र आमचं चांगलंच वाजलं. सेमाडोहच्या बाजूला जंगलात येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेला एक गृहस्थ माझे मग न्यायला आला होता. माझं पहिलं मोठं काम ते. त्याला मग फार आवडले होते, खोक्यात भरणंही चाललं होतं. काका कोपऱ्यात चहा पीत होते. सहज म्हणून त्यांनी एका मगात बोटं घातली आणि दुसरा उचलला, मग तिसरा. मी डोळ्यांनी खुणावत होते की नको. पण काकांनी त्या गृहस्थाला सरळ सांगितलं की भट्टीच्या खालच्या फळीवर ताव कमी लागलाय, आतल्या बुडाचा लेप नीट वितळलेला नाही, चहाचा डाग बसला की निघणार नाही, हे नेऊ नका. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला आणि रिकाम्या हातानं गेला.

मी काकांना वाट्टेल ते बोलले. तुमचं काय जातं, माझं नाव जातं, तुम्हाला विचारलं होतं का कुणी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला, आपला कप स्वतः विसळून ठेवला.

"मॅडम, तो आज खुशीत गेला असता," ते म्हणाले, "अन् रोज सकायी मगाच्या बुडात बोट घालून तुम्हाले शिव्या देल्ल्या असत्या. बोट खोटं सांगत नाही, मंग तोंडानं काहून सांगाव?"

मी आठ दिवस धुसफुसत होते. नंतर ते मग पुन्हा भट्टीत घातले, खालची फळी विटा देऊन उचलली, ताव पूर्ण होऊ दिला. तो गृहस्थ आला, त्यानं मगात बोट घातलं, हसला आणि सगळे घेऊन गेला. काकांना मी हे सांगितलं आणि माझी बढती झाली. त्या दिवसापासून मी बाई झाले.

त्यांना साखरेचा आजार जुना होता. चहा फिका प्यायचे आणि दुसऱ्याच्या बशीतल्या जिलबीकडे न बघण्याचं नाटक करायचे. एका गुरुवारी त्यांनी तुकडे लावले आणि मी वाचले, तर पाच आधी आणि चार नंतर. मी हसून म्हटलं, होतं एखाद्या वेळी. काकांनी तुकडे डबीत भरले, बाहेर जाऊन बाकावरच्या तिघांना पुढच्या वेळी या म्हणून सांगितलं आणि चहासुद्धा न घेता अकोल्याची बस धरली. पुढच्या वेळी क्रम बरोबर आला. तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं, की तुकडे लावायला त्यांना आता पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं लागतात. गरम कप ते आता जरा जास्तच वेळ हातात धरून बसायचे. आणि भांडी तपासताना कड ओठावरून फिरवायला लागले होते. लोक हसायचे. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, की डॉक्टर म्हणतो बोटांच्या टोकांची जाण कमी होत जाणार, आता ती काही परत यायची नाही.

"ओठापर्यंत साखर उशिरा पोचते, बाई," असं म्हणून ते हसले होते.

तुकडे मात्र ते बोटांनीच लावायचे. ओठ भांड्याच्या कडेला चालतो, बुडाला आणि आतल्या पोटाला बोटच लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वतःसाठी त्यांनी एक नियम करून ठेवला होता, लागोपाठ तीनदा चुकलो की हात रिटायर झाला असं समजायचं आणि यायचं बंद करायचं. हा नियम त्यांनी मला सांगून ठेवला होता, हीच पंचाईत. त्या हिवाळ्यात ते एकदा चुकले. पंधरा दिवसांनी पुन्हा चुकले. दोन्ही वेळा बाक रिकामा करून परत गेले. तिसऱ्या गुरुवारची मी अशी धास्ती घेतली होती, की माझ्या स्वतःच्या परीक्षेची कधी घेतली नसेल.

त्या गुरुवारी ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक मोठी बॅग होती. त्यांची मुलगी सेमाडोहला शिक्षिका होती, तिच्याकडे जातोय म्हणाले, परतवाड्याची दुपारची बस आहे. किती दिवस, ते मी विचारलं नाही. बाहेर बाकावर अचलपूरहून आलेली एक बाई बसली होती, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ताटल्या. काकांनी हात धुतले, पुसले. तुकडे पसरले आणि डोळे मिटले. मी उभी राहून त्यांची बोटं बघत होते. एका तुकड्यावरून बोट जायचं, थांबायचं, परत यायचं. दोनदा ओळ मोडून पुन्हा लावली. शेवटी डोळे न उघडता त्यांनी मान हलवली, म्हणजे वाच.

मी पहिला तुकडा उलटला. तीन. दुसरा, एक. तिसरा, आठ. पुढचे उलटण्यात अर्थच नव्हता. काकांचे डोळे अजून मिटलेले होते. मी तुकडे गोळा करून एकेक डबीत टाकू लागले आणि वाचू लागले. एक. दोन. तीन. तशीच दहापर्यंत गेले. डबीचं झाकण लावलं आणि म्हटलं, "बरोबर लागले, काका."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डावी मूठ टेबलावर ठेवून उघडली. आत एक तुकडा होता. उलटा करून त्यांनी माझ्याकडे सरकवला. सात नंबर.

"नऊच मांडले होते मी," ते म्हणाले. "सात तूनं कोठून वाचला, बाई?"

मॅडम म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, की हात गेला हे त्यांना मागच्याच खेपेला कळलं होतं, आज त्यांना माझं तोंड खरं सांगतं का ते पाहायचं होतं. मग त्यांनी डबी उघडली, सातवा तुकडा आत टाकला, सगळे तुकडे टेबलावर पसरले आणि स्वतःची खुर्ची मला दिली.

मी हात धुतले, पुसले, डोळे मिटले. इतक्या वर्षांत ते तुकडे मी शेकडो वेळा वाचले होते, लावले कधीच नव्हते. किती वेळ गेला माहीत नाही. रस्त्यावरून शिकवणीच्या पोरांच्या गाड्या जात होत्या. काकांच्या श्वासाचा आवाज येत होता. ओळ पूर्ण झाल्यावर मी मान हलवली आणि ते एकेक उलटून वाचू लागले. एक, दोन, तीन, चार. चार आणि पाच बरोबर आले तेव्हा माझी छाती फुगली. सहा. मग आठ. मग सात. नऊ, दहा.

"सात-आठची अदलाबदल झाली," ते म्हणाले. डबी भरली, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. आता ती माझी, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मी डबी घेऊन बाहेर गेले. अचलपूरच्या बाईनं घाईघाईनं वर्तमानपत्र सोडायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं आणि सांगितलं की आज जमणार नाही, पुढच्या गुरुवारी या. ती फार लांबून आली होती, जरा नाराज झाली. मी तिची माफी मागितली, पण ताटल्यांना हात लावला नाही.

आत आले तेव्हा काका खिडकीजवळच्या त्या स्टुलावर बसून चहा पीत होते. माझाच कप होता, बुडाला गेरूचा ठिपका असलेला. बसला अजून वेळ होता. दोन्ही तळहातांत त्यांनी तो धरला होता आणि कड ओठाला लावून ठेवली होती, चहा संपला होता तरी. सेमाडोहहून ते परत आले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तिथेच वारले.

"बस, बाई," त्या दुपारी मला बघून ते म्हणाले. "चहा घे. गुयगुयीत कप हाये."